कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : एका कष्टाळू गृहस्थाचे उद्योगचरित्र

थोर पुरुषांची चरित्रे म्हटली म्हणजे राजे, सेनापती, साधुसंत आणि देशभक्त हेच डोळ्यांपुढे उभे राहतात. पहाटे दुकानाच्या फळ्या काढून रात्री दिवा मालवेपर्यंत कामास जुंपलेल्या साध्या व्यापारी गृहस्थाचे चरित्र लिहिण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. त्याचा इतिहास खतावणीत असतो, आणि खतावणीस वाळवी लागली म्हणजे तोही नाहीसा होतो. आपले हिमायतनगर, वडीलधाऱ्यांच्या तोंडचे वाढोणा, हे मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील गाव. येथे पुढे दुकान आणि मागे घर, गल्ल्यावर बाप आणि तराजूवर मुलगा, हा संसार आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पुष्कळांनी केलेलाही आहे. अशा संसाराची हकीकत शब्दांत उतरलेली पाहावयाची असेल तर जिल्ह्याबाहेर जावे लागते.

म्हणून ज्युबिलीच्या या स्मरणिकेत आपल्या गावच्या नव्हे, आपल्या धर्माच्याही नव्हे, अशा एका गृहस्थाची कथा सांगण्याचे योजिले आहे. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर हे नाव आज मोठमोठ्या कारखान्यांचे नाव झाले आहे, आणि विहिरीवरच्या पंपामुळे ते खेड्याखेड्यांत ठाऊक आहे. परंतु ज्या काळाविषयी येथे लिहावयाचे आहे त्या काळी ते बेळगावातील एका लहानशा सायकलच्या दुकानाचे नाव होते. शिवाय लक्ष्मणरावांनी जे औत बनविले त्याचा काळ्या रानाशी निकटचा संबंध आहे, आणि काळे रान म्हणजे काय हे हिमायतनगरकरांस नव्याने सांगावयास नको.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे चित्त मात्र पुस्तकापेक्षा रेघोट्यांत आणि यंत्रांच्या उघडझापीत अधिक. शाळेत त्याचे फारसे लक्ष लागेना. पुढे चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस जाण्याचा हट्ट त्याने धरला तेव्हा वडिलांस तो रुचला नाही. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. रामूअण्णांचे हे पाठीशी उभे राहणे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील पन्नास वर्षांच्या हकिकतीत ते वारंवार भेटणार आहे.

कलाशाळेत दोन वर्षे गेल्यावर एक विलक्षण अडचण उघडकीस आली. लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना काही रंगांच्या छटांतील भेदच कळत नसे. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा घाव कोणता? दुसरा एखादा निमूटपणे घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यांत्रिक आकृत्या काढण्यास रंगांची गरज पडत नाही. तेथे माप, कोन आणि हाताची स्थिरता लागते. ती विद्या त्यांनी आत्मसात केली आणि मुंबईतील नव्याने निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून ते लागले. शिकविण्याचे काम आटोपले की पाय कार्यशाळेकडे वळत. तेथील यंत्रे कशी फिरतात, कशी बिघडतात आणि कशी दुरुस्त होतात, हे त्यांनी पाहून आणि हात काळे करून जाणून घेतले. यंत्रज्ञ म्हणून त्यांची खरी शाळा तीच.

याच सुमारास सायकल हे नवे वाहन मुंबईच्या रस्त्यांवर दिसू लागले होते. १८८८ साली दोघा बंधूंनी बेळगावात सायकलचे लहानसे दुकान थाटले. लक्ष्मणराव नोकरी सांभाळून मुंबईत सायकली खरेदी करीत, त्या बेळगावास धाडीत, आणि तेथे रामूअण्णा त्या विकीत. बेळगाव हे लष्करी छावणीचे गाव. साहेब, वकील, डॉक्टर अशी खर्च करू शकणारी माणसे तेथे होती. पण सायकल विकत घेणाऱ्याला ती चालविता येत नसे! तेव्हा गिऱ्हाइकाला सायकलवर बसवून तोल सावरावयास शिकविणे हाही दुकानाचाच एक व्यवहार होऊन बसला, आणि त्याची फी वेगळी घेतली जाई. विकलेल्या वस्तूबरोबर तिचे ज्ञानही विकावे लागते, हा धडा या दुकानदारीने त्यांस दिला, आणि पुढे नांगराच्या वेळी तो उपयोगी पडला.

मुंबईची नोकरी कशी सुटली तेही सांगण्याजोगे आहे. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. आज आपण हे सहज लिहितो. परंतु ठरलेला पगार सोडून बायकोमुलांसह बंधूच्या दुकानात येणे हा मानी माणसाचा निर्णय असला तरी त्याचा भार एकट्या मानी माणसावर पडत नाही, सगळ्या घरावर पडतो. एका दुकानावर दोन बंधूंचे संसार चालवावयाचे होते. राधाबाई, म्हणजे लक्ष्मणरावांच्या पत्नी, यांचे नाव कारखान्याच्या इतिहासात फार थोड्या ओळींत येते. कारखान्याचा इतिहास लिहिणारे भट्टीविषयी पुष्कळ लिहितात, चुलीविषयी लिहीत नाहीत. आमच्या मते ही इतिहासलेखनातील उणीव आहे.

सायकलींच्या जोडीला बंधूंनी शेतीच्या अवजारांकडे लक्ष वळविले. पहिले यंत्र निघाले ते कडबा कापण्याचे. ज्वारीचा उभा कडबा गुरांपुढे टाकला तर ती पाने ओरपतात आणि खालचे जाड ताट पायदळी तुडवितात. तोच बारीक कापून घातला म्हणजे नासधूस कमी होते आणि तेवढ्याच वैरणीत जास्त दिवस निभावते. दुष्काळाचे चटके सोसलेल्या मुलखाला हे पटवावयास फार बोलावे लागत नाही. त्यानंतर, १९०३ च्या सुमारास, परदेशी बनावटीचा नांगर पाहून किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडविला. येथे लोखंड म्हणजे बीड, ओतीव लोखंड. आपल्या मराठवाड्यातील बीड जिल्हा नव्हे! त्याच वर्षीच्या मे महिन्यात लक्ष्मणरावांस शंतनु हा पुत्र झाला होता. घरात तान्हे मूल आणि कार्यशाळेत नवा नांगर, अशी ती दोन अपत्ये एकाच वेळी वाढावयास लागली.

मूल वाढले, नांगर मात्र जागचा हलेना. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीस विष चढते, असे शेतकरी म्हणत. ही गोष्ट किर्लोस्करांच्या प्रत्येक चरित्रात येते आणि ती वाचून शहरी वाचक शेतकऱ्याच्या भोळेपणास हसतो. आम्हांस ते हसणे अन्यायाचे वाटते. जरा विचार करून पाहावा. लाकडी नांगर बाभळीचा; तो गावचा सुतार घडवी, त्याचा फाळ गावचा लोहार शेवटून देई, आणि दोघांचेही बलुते सुगीला खळ्यावर धान्याने चुकते होई. नांगर मोडला तर त्याच दिवशी, त्याच गावात, रोकड न मोजता तो दुरुस्त होत असे. लोखंडी नांगर घेतला म्हणजे रोख रुपये मोजावे लागणार. तो मोडला तर भाग बेळगावाहून येणार. आणि पेरणीची वेळ तर कोणासाठी थांबत नाही. सुतार-लोहारांशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध तुटणार तो वेगळाच. पावसावर सगळा भरवसा असलेल्या माणसाने एवढे साहस का करावे? विषाची गोष्ट तोंडावर होती. पोटात बलुत्याचा आणि रोकडीचा हिशेब होता, असे आमचे मत आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी. लाकडी नांगर माती चिरतो, पण उलथीत नाही. तासातासांमध्ये न नांगरलेली पट्टी राहते, म्हणून आडवे-उभे नांगरावे लागते. काळ्या भारी जमिनीत हरळी आणि कुंदा खोल मुळे धरतात. कुंद्याने व्यापलेले रान म्हणजे काय संकट, हे आपल्या भागातील शेतकरी जाणतात. वखराच्या पाळ्यांवर पाळ्या घातल्या तरी वरची पाती तेवढी कापली जाते आणि खालून तो पुन्हा फुटतो. लोखंडी नांगराच्या फाळामागे वळण दिलेला पंखा असतो. फाळ तळातून माती कापतो आणि पंखा ती पालथी करतो. मग मुळे वर येतात, उन्हाळ्याच्या झळांत करपतात आणि जमिनीच्या पोटातील किडीची अंडीही उघडी पडतात. हे काम दृष्टीस पडले म्हणजे वादविवाद उरत नाही. मात्र ते दृष्टीस पडले पाहिजे. दुकानात उभा केलेला नांगर काहीच सांगत नाही. सायकल घेणाऱ्यास तोल शिकवावा लागला तसा नांगर घेणाऱ्यास शेतात नेऊन दाखवावा लागला.

पहिला नांगर खपेपर्यंतच्या त्या दोन वर्षांत घर कशावर चालले? सायकली आणि कडब्याचे यंत्र यांवर. अर्थात जुन्या धंद्याने नव्या धंद्याला पोसले. याविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण लहान गावातील धंदेवाईक माणसाला याचे मर्म ठाऊक असते आणि पुस्तकी अर्थशास्त्रज्ञाला सहसा नसते. नव्या वस्तूचा प्रयोग करणारा माणूस शूर म्हणून गाजतो. परंतु त्याचा प्रयोग फसला तर सायंकाळी घरी पीठमीठ येईल याची तजवीज ज्याने जुने दुकान चालू ठेवून केली, तो कमी शूर असतो काय? दोघे बंधू एका विचाराचे होते म्हणूनच एकास धाडस करता आले. एकत्र कुटुंबात भांडणे असतात, आळसही पोसला जातो, हे आम्ही नाकारीत नाही. पण भांडवल देणारी पेढी जवळ नव्हती तेव्हा या देशातील कित्येक धंद्यांची पेढी हे एकत्र घरच होते.

नांगर हळूहळू खपू लागला. आता बरे दिवस येतील असे वाटत असतानाच वेगळेच संकट दारी आले. ज्या जागेवर कार्यशाळा होती ती जागा बेळगावच्या नगरपालिकेस नवी वसाहत वसविण्यासाठी पाहिजे होती. जागा खाली करण्याची नोटीस आली. लक्ष्मणरावांनी त्या वेळी चाळिशी गाठली होती. ओतकामाची भट्टी म्हणजे किराण्याचे दुकान नव्हे की पोती बैलगाडीत घालून दुसऱ्या गल्लीत मांडावीत. यंत्रे उखडून न्यावयाची, नवी जागा शोधावयाची, शिकवून तयार केलेले कारागीर हातचे जाऊ द्यावयाचे नाहीत, आणि तोवर मिळकत बंद. घर करून राहिलेल्या माणसाला उठविले म्हणजे त्याची जी दशा होते ती मराठवाड्यातून पोटासाठी मुंबई-पुण्याकडे आणि ऊसतोडीकडे गेलेल्या कुटुंबांना वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

मदत आली ती औंध संस्थानातून. औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव, लोकांत बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणून ओळखले जाणारे, १९०९ साली गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार आणि कलेचे भोक्ते होते; लक्ष्मणरावांशी त्यांचा स्नेह होता आणि औंध येथील बांधकामाचे एक कामही त्यांनी लक्ष्मणरावांस दिले होते. अडचण कळताच त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ सुमारे ३२ एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन म्हणावी तर ती निवडुंगाने माजलेले ओसाड माळरान होते. तरी स्थानक जवळ होते. ज्याचा कच्चा माल बाहेरून यावयाचा आणि पक्का माल बाहेर जावयाचा त्याला सुपीक मातीपेक्षा रेल्वेचा रूळ अधिक मोलाचा.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लक्ष्मणराव केवळ कष्टांच्या बळावर वर आले असे लिहिण्याची चाल आहे. ते अर्धसत्य आहे. कष्ट तर बेळगावातही होते, आणि तरीसुद्धा एका नोटिशीने सर्व उखडले गेले. कष्टांना टेकू देणारा हात योग्य घटकेस पुढे आला नसता तर या चरित्राचे पुढील पान कदाचित कोरेच राहिले असते. संस्थानिकांच्या उधळपट्टीच्या कथा आपण निजामी मुलखातील लोकांनी पुष्कळ ऐकल्या आहेत. दहा हजार रुपये आणि एक पडीक माळ एवढ्यावर एका लहान संस्थानिकाने काय घडविले, हे त्यांच्याशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

मार्च १९१० मध्ये त्या माळावर वसाहतीचा आरंभ झाला. लक्ष्मणराव, रामूअण्णा, त्यांची कुटुंबे, आणि सुमारे पंचवीस कामगार आपापल्या बायकामुलांसह तेथे आले. निवडुंग तोडला, साप मारले, तात्पुरते निवारे उभारले आणि भट्टी पेटविली. विहीर, वाट, घर, शाळा हे सर्व शून्यातून करावयाचे होते. हा संसार उभा करण्याचे काम रामूअण्णांकडे आले. लक्ष्मणराव कारखान्यात यंत्राचा आवाज ऐकून त्याचे दुखणे ओळखीत. रामूअण्णा वसाहतीत माणसांचा आवाज ऐकून तेच करीत. वाडीची आखणी, घरांची व्यवस्था, शिस्त आणि स्वच्छता यांचा कारभार त्यांनी पाहिला. शिवाशिव पाळावयाची नाही असा वाडीचा नियम होता. त्या काळाच्या मानाने ही गोष्ट लहान नव्हती.

या पहिल्या मंडळींकडे पाहिले तर हसू येते आणि आदरही वाटतो. शंभूराव जांभेकर हे अभियांत्रिकीच्या शाळेतून काढून टाकलेले विद्यार्थी. अनंतराव फाळणीकर यांचे शिक्षण अर्ध्यावर सुटलेले. ते येथे कल्पक यंत्रज्ञ झाले. के. के. कुलकर्णी हेही परीक्षेत नापास झालेले. ते येथे व्यवस्थापक झाले. मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहार पाहत. रात्रीच्या राखणीस तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग असत. हे दोघे पूर्वी दरवडेखोर म्हणून गाजलेले. ज्यांच्या भीतीने लोक दाराला दुहेरी कडी लावीत त्यांच्याच हाती कारखान्याच्या किल्ल्या! इंग्रजी अमदानीत जातीच्या जाती गुन्हेगार ठरविल्या जात असताना एका खाजगी धंदेवाल्याने केलेला हा विश्वास होता, आणि त्यांनी तो राखला. जगाने नापास ठरविलेली माणसे येथे उपयोगी पडली याचे कारण लक्ष्मणरावांच्या स्वतःच्या आयुष्यात शोधावे. ज्याच्या डोळ्यांस कलाशाळेत रंग दिसला नाही तो इतरांची गुणपत्रिका पाहून माणूस परत पाठविणार नाही, हे ओघानेच आले.

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले आणि परदेशी लोखंड, कोळसा व रंग मिळणे दुरापास्त झाले. कारखाना बंद ठेवणे म्हणजे वाडीतील सर्व चुली बंद ठेवणे. तेव्हा दगडी कोळशाच्या जागी लाकडी कोळसा जाळला, रंग देशी द्रव्यांपासून तयार केला, आणि बिडासाठी जुन्या पडून राहिलेल्या तोफा विकत घेऊन वितळविल्या. तलवारींचे फाळ करण्याविषयी संदेष्ट्यांच्या ग्रंथांत जे सांगितले आहे ते आपल्या वाचकांस पाठ आहे. किर्लोस्करवाडीत तोफांचे नांगर झाले. हे शांततेच्या ध्येयाने झाले असे म्हणण्यात अर्थ नाही, गरजेपोटी झाले. पण झाले खरे.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंप निघू लागले. १५ जानेवारी १९२० रोजी दुकानाची मर्यादित कंपनी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. नांगराची माहिती शेतकऱ्यांस कळावी इतकाच त्याचा आरंभीचा हेतू. पण त्यातून ‘किर्लोस्कर’ हे नावाजलेले मासिक झाले आणि १९३० साली ‘स्त्री’ निघाले. लोखंड ओतणाऱ्या घराने मराठी वाङ्मयाची अशी सेवा केली, हा प्रकार सर्व हिंदुस्थानात विरळा होय. त्याविषयी लिहू गेल्यास हा लेख आवरणार नाही.

घरातील मुलांकडे वळू. १९२२ साली शंतनुराव यंत्रविद्या शिकण्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यालयात गेले. सोबत चुलतभाऊ माधव होता. शंतनुराव पदवी घेऊन १९२६ साली परतले. माधव क्षयाने गेला. दोन मुले एकत्र धाडली आणि घरी येऊन कारखान्यात उभा राहिला तो एकच. त्या वर्षी पंपांच्या निर्मितीत कारखान्याने नवे पाऊल टाकले, अशी नोंद इतिहासात सापडते; घराच्या दृष्टीने त्या वर्षांचा हिशेब निराळा असला पाहिजे. नंतरची वाढ झपाट्याने झाली. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे, आणि १९४६ साली पुणे व बंगळूर येथे नवे कारखाने निघाले. ती कथा शंतनुरावांची आहे आणि ती इतरत्र विस्ताराने आलेली आहे.

लक्ष्मणरावांच्या वृद्धापकाळी आणखी एक आघात व्हावयाचा होता. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता म्हणून पुढील दिवसांत दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरेदारे जाळण्यात आली. किर्लोस्करवाडीवरही जमाव चालून आला आणि कारखान्यास आग लावण्यात आली. हत्येशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांची अडतीस वर्षांची मेहनत जळाली, आणि त्या कारखान्यावर पोट असलेली कुटुंबे सर्व जातींची होती. त्याच वर्षी आपल्या मराठवाड्यात काय चालले होते हे जुन्या मंडळींनी सांगितलेले आहे. रझाकारांच्या धुमाळीत आणि सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत एका धर्माच्या, मग दुसऱ्या धर्माच्या लोकांची घरे आणि दुकाने लुटली गेली. कोणाच्या नावाने कोणाचे दुकान जळावे याला धरबंध राहिला नव्हता. लहान गावातील दुकानदार हा अशा वेळी सर्वांत उघडा पडतो; कारण त्याची सर्व मालमत्ता रस्त्याकडे तोंड करून मांडलेली असते आणि त्याचे नाव पाटीवर लिहिलेले असते.

लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. निवडुंगाचा माळ साफ करताना ज्या वयाची ताकद असते ती या वयात नसते. तरीही जळालेल्या जागी काम पुन्हा उभे राहिले. ते उभे करणारे हात मुलापुतण्यांचे आणि कामगारांचे होते. ज्यांस १९१० साली आईबापांनी कडेवर घेऊन त्या माळावर आणले होते ती मुले आता कर्ती झाली होती.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीस, म्हणजे २० जून १९६९ रोजी, भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले. लोखंडी नांगरही आता मागे पडला आहे. हिमायतनगरच्या शिवारात खोल नांगरट ट्रॅक्टर करतो आणि कुंदा काढण्यास बैलांच्या चार-चार जोड्या जुंपण्याचे दिवस सरले. कुंडल रोड या स्थानकाचे नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले. बेळगावात सायकलचे दुकान ज्या रस्त्यावर होते तो रस्ता किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो. तिकिटावर चित्र एकट्या लक्ष्मणरावांचे आहे. मूळ कंपनीचे नाव मात्र पहिल्या दुकानाच्या पाटीवर होते तेच आजही चालू आहे : किर्लोस्कर ब्रदर्स, म्हणजे किर्लोस्कर बंधू.